वाचून दाखवायची राहिलेली बातमी

बसा इथंच गच्चीवर. दिवे येतील तेव्हा येतील, खाली जाऊन उकडून घेण्यात काही अर्थ नाही. आणि जावईबापू, तो मोबाइलचा उजेड जरा बंद करा, सरळ माझ्या डोळ्यांत जातोय.

तर आमच्या भाचीबाईंना कॉलेजात नोकरी लागली आणि पहिल्याच महिन्यात पत्रकाचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. कॉलेजात काय चाललंय, उद्या काय आहे, ते सगळ्या प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना मेलवर कळवायचं. मघापासून ऐकतोय, "मामा, इतकं कंटाळवाणं काम आहे ना." आहेच. कोण नाही म्हणतंय? पण हेच काम करणारा एक माणूस माझ्या अगदी जवळचा होता. त्याच्या बाबतीत जे झालं ते मी आजवर घरात कुणाला सांगितलं नाही. तुझ्या मामीलासुद्धा नाही, ती रात्री उठून पाणी प्यायला जायची बंद झाली असती.

मी फिजिक्सच्या लॅबमध्ये होतो आणि हा ऑफिसात. सगळं कॉलेज त्याला 'पत्रकार' म्हणायचं. चिडवायला म्हणून कुणीतरी म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. दर गुरुवारी संध्याकाळी त्याचं पत्रक निघायचं. आधी छापून यायचं, मग मेलवर यायला लागलं. त्यात काय असणार? शुक्रवारी पार्किंग धुणार आहेत, गाड्या मागच्या अंगाला लावा. अमक्या बाईंना डॉक्टरेट मिळाली, अभिनंदन. स्टाफरूममध्ये एक चष्मा सापडलाय, ज्याचा असेल त्यानं ओळख पटवून न्यावा. लिफ्ट बंद आहे. ही लिफ्टची बातमी तर इतकी वर्षं चालली की शेवटी लिफ्ट सुरू झाली तेव्हा लोक घाबरून जिन्यानं गेले. नवीन कोण आलं, निवृत्त कोण झालं, आणि गेलं कोण.

त्याची एक पद्धत होती. ज्याची बातमी, त्याला ती आधी फोनवर वाचून दाखवायची. तो "हो" म्हणाला की मगच पुढं. त्याचं झालं होतं असं, की एकदा केमिस्ट्रीच्या सरांच्या बहिणीचं लग्न झालं आणि पत्रकात ते सरांचंच झालं. आठवडाभर लोक त्यांना गुच्छ आणून देत होते, आणि बायको घरी होतीच. त्या दिवशी यानं कानाला खडा लावला. चष्मा सापडल्याची बातमीसुद्धा, ज्या शिपायाला तो सापडला त्याला वाचून दाखवायचा. आम्ही हसायचो. प्राचार्य वैतागायचे. हा ऐकायचा नाही.

आणि निधनाची बातमी असली तर ती घरच्यांना वाचून दाखवायची. ते त्याला फार जड जायचं. खुर्चीतून उठायचा, शर्ट सारखा करायचा, आणि उभा राहून वाचायचा. पलीकडच्या माणसाला थोडंच दिसतंय? मी एकदा म्हटलंही तसं. तर म्हणाला, "मला दिसतं ना."

आता भूगोलाचे सर. उंच, किडकिडीत, बोलणं मोजकं. त्यांच्या विभागाची कुठलीही बातमी पत्रकारानं वाचली की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं, "यात चूक आहे." सहल असो, व्याख्यान असो, "यात चूक आहे." मग कुठं स्वल्पविराम जास्त, कुठं तारीख आधी हवी. इतक्या वर्षांत त्या माणसानं एकदाही "बरोबर आहे" म्हटलं नाही. पत्रकार फोन ठेवून चडफडायचा आणि मग ती चूक दुरुस्त करायचा, कारण ती खरोखरच असायची. भांडत राहायचे, पण दोघांचा एकमेकांवर जीव होता. सरांची बायको आमच्याच कॉलेजात लायब्ररीत. मॅडम. त्यांचा स्वभाव उलटा, सदा हसतमुख, सदा घाईत.

हां, आता नीट ऐका.

डिसेंबरचा पहिला गुरुवार. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती, मी नंतर मुद्दाम कॅलेंडर पाहिलं. पत्रकाराचं पत्रक तयार होतं, सगळ्यांना वाचून झालं होतं. तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. भूगोलाचे सर गेले. परीक्षेच्या कामासाठी परगावी गेले होते, दुपारी तिथंच छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. तिथल्या प्राचार्यांनी कळवलं. "उद्या कॉलेज बंद ठेवतोय," प्राचार्य म्हणाले, "पत्रकात टाका आणि लगेच पाठवा, नाहीतर सकाळी लोक येऊन बसतील."

 पत्रकारानं चार ओळी लिहिल्या. उठला, शर्ट सारखा केला, सरांच्या घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. घरात कुणी नव्हतंच. पुन्हा लावला. तेवढ्यात प्राचार्यांचा दुसरा फोन, "अहो, गेलं का? लोक मला विचारतायत." आणि यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बातमी कुणालाही न वाचून दाखवता पाठवून दिली.

पावणेनऊ वाजले होते. ऑफिसात तो एकटा. बाकीचे दिवे घालवले, टेबलावरचा तेवढा ठेवला. पाकीट, चष्मा, किल्ल्या खिशात टाकत होता, तेव्हा बाहेरून फोन आला. सरांचा धाकटा भाऊ. आवाज पार बसलेला. तो परगावी पोचला होता, सरांना घेऊन रात्रीच ॲम्ब्युलन्सनं निघणार होता.

"एक सांगायचं होतं," भाऊ म्हणाला. "वहिनींना अजून कळवलेलं नाही. त्यांच्या भाचीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या ना, तिकडून आज संध्याकाळच्या बसनं निघाल्यात. एकट्याच आहेत. रात्रभराचा प्रवास. सकाळी उतरल्या की मी समोर असेन, मीच सांगेन. तोपर्यंत कॉलेजातून कुणी त्यांना फोन करू नये, एवढं बघा."

"हो," पत्रकार म्हणाला. "बघतो."

फोन ठेवला. आणि मग त्याच्या लक्षात आलं.

कळलं का तुम्हाला? पत्रक कुणाला जातं? सगळ्या प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना. मॅडम कर्मचारी होत्या. नवरा गेल्याची बातमी, चार ओळींत, पार्किंगच्या बातमीच्या वर, त्यांच्या मोबाइलवर जाऊन पडली होती. बसमध्ये. अंधारात. शेजारी ओळखीचं कुणी नाही.

 

पत्रकारानं कॉम्प्युटर बघणाऱ्या पोऱ्याला घरी फोन केला. मेल परत ओढता येतो का? "सर, गेला तो गेला," तो म्हणाला. मग पत्रकारानं मॅडमना फोन लावला. का लावला, त्यालाच माहीत नाही. लागला असता तर बोलणार काय होता? पण लागला नाही, गाडी घाटात असणार, रेंज नाही. म्हणजे बातमी अजून पोचली नाही. म्हणजे घाट संपला की पोचणार. आणि ती एकटी बातमी नाही. ज्यांनी ज्यांनी पत्रक वाचलं ते आता मॅडमना मेसेज पाठवणार. 'ऐकून फार वाईट वाटलं.' 'सावरा.' शंभर माणसं शंभर मेसेज टाकणार, आणि घाट उतरला की ते सगळे एकदम त्या बाईच्या हातात पडणार.

तो टेबलापासून खिडकीपर्यंत जायचा आणि परत यायचा. खुर्चीत बसायचा, उठायचा.  मनात एकदा आलं, दुरुस्ती पाठवावी. बातमी चुकीची होती म्हणून सांगावं. एका रात्रीपुरतं. पण ते खोटं. या माणसानं हयातीत एक ओळ मुद्दाम खोटी पाठवली नव्हती. आणि मेलेल्या माणसाला जिवंत म्हणून छापायचं? उद्या तिला काय तोंड दाखवायचं? की बाई, तुम्हाला रात्रभर खोट्या आशेवर ठेवलं? त्याचे हात कीबोर्डवर जायचे आणि मागं यायचे. जायचे आणि मागं यायचे.

आणि फोन वाजला.

त्या फोनची रीत अशी होती, बाहेरून आला तर लांब वाजायचा. कॉलेजातल्या कॉलेजात लावला तर तुटक. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा.

हा तुटक वाजत होता.

फोनच्या छोट्या पडद्यावर नाव आलं. भूगोल विभाग.

पत्रकाराला वाटलं, विभागातला शिपाई असेल. बिचाऱ्याला कळलं असेल, काहीतरी विचारायचं असेल. त्यानं उचलला.

"हॅलो."

कुणी बोलेना. नुसता एक आवाज येत होता. वर्गात भिंतीवर नकाशा टांगतात ना, खाली लाकडाची काठी असते. वाऱ्यानं नकाशा हलला की ती काठी भिंतीवर लागते. तसा. टक्... टक्...

"कोण बोलतंय?"

टक्...

"पत्रकार."

आवाज ओळखायला वेळ लागला नाही त्याला. इतकी वर्षं दर आठवड्याला ऐकलेला आवाज तो.

"पाठवलीत बातमी?"

यानं फोन कानाशी घट्ट धरला.

"मला वाचून नाही दाखवलीत."

पत्रकार उठून उभा राहिला. तो म्हणतो, मी उठलो नाही, पाय उठले. शर्ट सारखा करायला हात गेला.

"वाचा."

यानं समोरच्या पडद्यावरून वाचायला सुरुवात केली. "भूगोल विभागाचे ज्येष्ठ प्राध्यापक यांचे आज दुपारी..."   वाचता वाचता नजर खिडकीबाहेर गेली. मैदानाच्या पलीकडं भूगोलाची इमारत. एकही दिवा नाही. व्हरांड्यात फक्त वॉचमनची बॅटरी. तो रोजच्यासारखा एकेक दार तपासत चालला होता. कुलूप हलवून बघायचा, पुढं जायचा. इंग्रजीचं दार. इतिहासाचं दार.

"...हृदयविकाराच्या झटक्यानं..."

वॉचमन भूगोलाच्या दाराशी आला. बॅटरीचा उजेड कुलपावर पडला. कुलूप होतं. बाहेरून लावलेलं, लोंबत असलेलं. त्यानं ते धरून हलवलं.

आणि पत्रकाराच्या कानात वाजलं. खड्... खड्.

आतून.

"वॉचमन आहे," आवाज म्हणाला. "वाचा तुम्ही."

...

जावईबापू, हसा, हसा. मीही हसलो असतो. कुणी चेष्टा केली असेल म्हणता? करा की विचार. भूगोलाच्या खोलीला किल्ल्या दोन. एक सरांच्या खिशात, परगावी. दुसरी विभागाच्या शिपायाकडं, आणि तो त्या वेळी आपल्या घरी जेवत होता, त्याच्या पंगतीला बसलेली चार माणसं सांगतील. आणि ज्यानं सरांचा आवाज एकदा ऐकलाय, त्याला तो दुसऱ्या कुणाचा वाटणं शक्य नाही. असो. पुढं ऐका.

पत्रकारानं शेवटची ओळ वाचली. 

टक्... टक्...

"यात चूक आहे."

"कु... कुठं, सर?"

 मग एकदम जवळून. कानाशी.

"तिला गाडीत कळायला नको."

"सर..."

"एकटीला नको."

"सर, मी काय करू?"

"दुरुस्ती पाठवा."

"ते खोटं होईल, सर."

नकाशाची काठी वाजायची थांबली. सगळंच थांबलं. पत्रकार म्हणतो, त्या वेळी ऑफिसातल्या घड्याळाचा आवाजही येत नव्हता, आणि ते घड्याळ एरवी डोकं उठवायचं.

"एक रात्र," आवाज म्हणाला. तो आवाज, कधी कुणाकडं काही न मागणाऱ्या माणसाचा. "एवढी एक रात्र, पत्रकार."

यानं फोन खांद्यावर धरला आणि टाइप केलं. दोन ओळी. 'मघाच्या पत्रकातली भूगोल विभागाच्या सरांविषयीची बातमी चुकीची आहे. सर सुखरूप आहेत, झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत.'

"वाचा."

यानं वाचलं. उभ्यानं.

पलीकडं कुणीतरी श्वास सोडल्यासारखं वाटलं. वाटलंच असेल. मेलेला माणूस कसला श्वास सोडतो.

"बरोबर आहे," सर म्हणाले.

आणि फोन बंद झाला.

यानं बटण दाबलं. पत्रक गेलं. मग टेबलावरचा दिवा तसाच, दार तसंच, स्कूटर स्टँडवर तशीच, हा फाटकातून चालत सुटला. वॉचमननं हाक मारली, "साहेब, गाडी?" यानं मागं वळून पाहिलं नाही. भूगोलाच्या इमारतीकडं तर नाहीच नाही.

रात्री साडेदहाच्या सुमाराला माझ्या दाराची कडी वाजली. मी उघडलं तर हा. घामानं निथळलेला, डिसेंबरच्या थंडीत. मी पाणी दिलं, त्यानं पेला दोन्ही हातांनी धरला. मग सगळं सांगितलं. मला तोवर दोन्ही मेल आले होते. पहिला वाचून मी रडलो होतो, दुसरा वाचून देवाचे आभार मानले होते. आता तो माझ्यासमोर बसून सांगत होता की सर गेलेत, आणि त्यांनीच फोन केला होता. मी काय म्हणणार? म्हटलं, "झोप इथंच." झोपला नाही तो. मीही नाही. दर पाच मिनिटांनी विचारायचा, "घाट संपला असेल का रे आता?"

सकाळचं मात्र जसं ठरलं होतं तसं झालं नाही. सरांना घेऊन येणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा रस्त्यात टायर गेला. भाऊ पहाटे सरांना घरी पोचवून मग वहिनींना घ्यायला जाणार होता. उशीर झाला. घरी जायला वेळच उरला नाही. शेवटी बस यायची वेळ झाली म्हणून तो ॲम्ब्युलन्स तशीच घेऊन थेट स्टँडवर आला. फलाटासमोर गाडी उभी केली आणि बसकडं पळाला. बसमधले सगळे उतरून गेले होते. मॅडम एकट्याच आपल्या सीटवर बसून होत्या, मांडीवर पर्स घेऊन. भाऊ आत चढला, त्यांच्या शेजारी बसला, आणि त्या रिकाम्या बसमध्ये त्यानं त्यांना सांगितलं. ड्रायव्हर खाली उतरून उभा राहिला होता. त्यानं त्यांना हवा तेवढा वेळ दिला.

कॉलेजात मग गदारोळ झाला. काही माणसं सकाळी वर्गात हजर, "सर तर बरे आहेत ना?" काही सरांच्या घरी जाऊन अंगणात उभी. प्राचार्यांनी तिसरं पत्रक स्वतः पाठवलं आणि पत्रकाराला बोलावून असं झापलं की बाहेर शिपायांनी कान झाकले. चौकशी बसली. "सुखरूप आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?" याचं एकच उत्तर, "माझी चूक झाली." खरं सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, आणि याला ते फारसं वाईटही वाटलं नसतं. पण गप्प राहण्याचं कारण दुसरंच होतं. याला एकच भीती होती, मॅडम काय म्हणतील. पत्रकाचं काम काढून घेतलं, प्रवेश विभागात टाकलं, अर्ज तपासायला. त्याचं त्याला काही वाटलं नाही. लायब्ररीच्या रस्त्यानं मात्र जायचा बंद झाला.

महिनाभरानं मॅडम कामावर आल्या. पहिल्याच दिवशी, दुपारी, सरळ प्रवेश विभागात. मी तिथंच होतो, पत्रकाराबरोबर चहा पीत. हा ताडकन उभा राहिला. चेहरा पांढरा.

मॅडम बसल्या. बारीक झाल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांना बातमी वाचून दाखवता. आमची राहिली ना? दाखवा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग खिशातून फोन काढला आणि ते पहिलं पत्रक वाचलं. चार ओळी. मॅडम खाली बघत ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "छान लिहिलंत. ते असते तर काहीतरी चूक काढली असती त्यात."

मग याला राहवलं नाही. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "मॅडम, मी तुम्हाला रात्रभर फसवलं," म्हणाला. "मला माफ करा. मी... त्यांनी फोन केला होता." आणि सगळं बोलून गेला. नकाशा, कुलूप, सगळं.

मी मनात म्हटलं, आता ही बाई ओरडणार, किंवा भोवळ येऊन पडणार. तसं काही झालं नाही.  त्यांनी फक्त विचारलं, "आवाज कसा होता?"

"नेहमीसारखा."

"खोकत होते?"

"नाही."

"मग बरं," मॅडम म्हणाल्या. पदरानं डोळे टिपले. "घाट उतरल्यावर गाडी चहाला थांबली, तेव्हा दोन्ही मेल एकदम आले, आणि लोकांचे 'सावरा'चे मेसेजही. पहिला वाचला आणि हातपाय गेले माझे. लगेच दुसरा उघडला. आणि काय सांगू, हसायलाच आलं. म्हटलं, उद्या चिडवीन यांना, मेलेले जिवंत झाले म्हणून. यांची झोप मोडायला नको म्हणून फोन केला नाही, शाल घेतली आणि झोपले. मला शेवटची शांत झोप लागली ती. तुम्ही फसवलं म्हणता, मला ती एक रात्र मिळाली."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला ऐकवत नव्हतं.

"एकच विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "मी गाडी थांबायच्या आधीच दारात जाऊन उभी राहते. कायमची सवय आहे. त्या सकाळी तशी उतरले असते तर सगळ्यांच्या आधी खाली असते. समोर ती ॲम्ब्युलन्स उभी होती, आणि भाऊजी अजून बसपर्यंत पोचले नव्हते. यांना मी एकटीनंच तसं बघितलं असतं. पण मी बसून राहिले, कारण तुम्ही यांचा तसा निरोप लिहिला होतात. तुम्हाला कसं ठाऊक?"

पत्रकार म्हणाला, "मी काय लिहिलं होतं?"

"हे काय," म्हणत त्यांनी मोबाइल पुढं केला.

तो दुसरा मेल. दुरुस्तीचा. पत्रकारानं वाचला आणि टेबलाची कड धरली. त्यानं स्वतःच्या फोनवर तोच मेल काढला. दोन ओळी. मी माझ्या फोनवर काढला. दोन ओळी. मग मी चष्मा पुसला आणि मॅडमचा फोन हातात घेतला. पाठवणारा तोच, तारीख तीच. वरच्या दोन ओळीही त्याच, अक्षरन् अक्षर.

खाली तिसरी होती.

'गाडी थांबली तरी उठू नकोस, बसून राहा. मी स्टँडवर आलोय.'